जुना लकवा, तीन इंजेक्शनं आणि दोन बिघे शेत

गेल्या महिन्यात ज्या ज्या घरी व्यायाम द्यायला गेलो, तिथे कुणी ना कुणी मोबाइल पुढे केलाच. मेसेज एकच: "लकवा आता शंभर टक्के बरा. अमेरिकेत सिद्ध झालेली स्टेम सेलची फक्त तीन इंजेक्शनं, लकवा कितीही जुना असो. पेशी स्वतःच्याच, म्हणून साइड इफेक्ट शून्य. सरकारमान्य. डॉक्टर हे सांगणार नाहीत, पुढे पाठवा."

मी फिजिओथेरपिस्ट आहे. अमळनेर आणि आसपासच्या खेड्यांत फिरतो. हा मेसेज वाचून एका आबांच्या मुलाने दोन बिघे विकायची बोलणी लावली, म्हणून लिहायला बसलो. त्याला फोनवर साडेचार लाख सांगितले होते.

स्टेम सेल म्हणजे ज्यांपासून शरीरात दुसऱ्या पेशी तयार होऊ शकतात अशा मूळ पेशी. आधी "अमेरिकेत सिद्ध" याबद्दल. स्टॅनफर्ड विद्यापीठात गॅरी स्टाइनबर्ग यांनी जुन्या लकव्याच्या 18 पेशंटच्या मेंदूत अस्थिमज्जेपासून, म्हणजे हाडांच्या आतल्या मगजापासून, तयार केलेल्या पेशी सोडल्या. 2016 मध्ये निष्कर्ष आले, काहींच्या हातापायांत खरंच फरक दिसला. मेसेजचं मूळ तिथे आहे. पण त्यात तुलनेला दुसरा गट नव्हता. पुढे तीच पेशी घेऊन 163 पेशंटवर मोठी चाचणी झाली. त्यातल्या काहींच्या कवटीवर नुसती दाखवण्यापुरती शस्त्रक्रिया केली, पेशी सोडल्याच नाहीत. कुणाला काय मिळालं हे पेशंटला माहीत नव्हतं. 2019 च्या जानेवारीत निकाल लागला: दोन्ही गटांत ठरवलेल्या मापाइतका फरक निघाला नाही. 2024 मध्ये जपानने याच पेशींना अटींवर मान्यता दिली, तीही अपघातात मेंदूला मार लागलेल्यांसाठी, लकव्यासाठी नाही. शिवाय या चाचण्यांत पेशी थेट मेंदूत सोडल्या होत्या. हाताच्या शिरेतून दिलेल्या पेशी बऱ्याचशा फुप्फुसातच अडकतात. त्यामुळे स्टॅनफर्डचं नाव सांगून सलाइनमधून इंजेक्शन देणारा दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करून विकतो आहे.

"डॉक्टर लपवतात" म्हणणाऱ्यांनी दिल्लीच्या एम्सकडे पाहावं. तिथल्या डॉ. कामेश्वर प्रसाद यांच्या पुढाकाराने आपल्याच देशात पाच केंद्रांत 120 पेशंटवर चाचणी झाली. निम्म्यांना त्यांच्याच अस्थिमज्जेतल्या पेशी शिरेतून दिल्या. उपचार सुरक्षित ठरला, पण फायदा दिसला नाही, आणि 2014 मध्ये त्यांनी ते जसंच्या तसं छापलं. लपवलं कुणी?

साइड इफेक्टचं जरा सविस्तर सांगतो, कारण इथे जीव जातो. लकवा झालेला 66 वर्षांचा एक अमेरिकन गृहस्थ चीन, अर्जेंटिना आणि मेक्सिकोत जाऊन पाठीच्या कण्यात पेशींची इंजेक्शनं घेऊन आला. नंतर कण्यातच गाठ वाढली, चांगला पायही जाऊ लागला. तपासली तर गाठीतल्या पेशी त्याच्या नव्हत्याच. 2016 मध्ये ही केस वैद्यकीय नियतकालिकात आली. कुणी म्हणेल, त्या परक्या होत्या, आमच्या स्वतःच्या आहेत. पण बाटलीत काय आहे ते घरचा माणूस कसं तपासणार? आणि पेशी स्वतःच्या असल्या तरी सुई कण्यात जाणार असेल तर धोका आहेच. त्यासाठी आबांच्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या थांबवाव्या लागू शकतात, आणि त्या थांबल्या की लकव्याच्या दुसऱ्या झटक्याची भीती. फोनवरच्या माणसाने गोळ्यांबद्दल एक शब्द विचारला नव्हता.

सरकारमान्य तर नाहीच. आयसीएमआर (केंद्र सरकारची वैद्यकीय संशोधन परिषद) आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही आजारांसाठीचं अस्थिमज्जा प्रत्यारोपण सोडलं तर स्टेम सेल हा रूढ उपचार नाही. बाकी सगळं नोंदणी झालेल्या चाचणीत, आणि चाचणीत पेशंटकडून पैसे घ्यायचे नसतात. साडेचार लाख मागितले, तिथेच उत्तर मिळालं.

राहिलं "कितीही जुना". मला सगळ्यात जास्त राग याचाच येतो. आबांचा उजवा हात पहिल्या दिवशी पाहिला तेव्हा मूठ इतकी घट्ट होती की तळहातात नखं रुतलेली. बोटं एकेक करून सोडवायलाच दहा मिनिटं गेली. त्यांना एकच हवं होतं: "माले मन्हा हातघाई भाकर मोडानी शे." (मला माझ्या हाताने भाकर मोडायची आहे.) रोज वाटीतून वाटीत तुरीचे दाणे टाकायचे, ओला स्पंज पिळायचा, चांगला हात बांधून ठेवून लुळ्याने पेला धरायचा. चांगल्या हाताला मोजा घालून ठेवण्याच्या या पद्धतीची अमेरिकेत 222 पेशंटवर चाचणी झाली. झटक्याला तीन ते नऊ महिने झालेले लोक होते, आणि त्यांचे हात सुधारले. ते 2006 मध्ये छापून आलं, पण त्याचा मेसेज कुणी फिरवत नाही. आता आबांचा उजवा हात भाकर ताटावर दाबून धरतो आणि डावा मोडतो. पूर्ण बरे नाहीत ते. इंजेक्शनची बोलणी चालू होती त्या तीन आठवड्यांत मात्र व्यायाम बंद होता, आणि मूठ पुन्हा आवळली.

"नंतर इंजेक्शन आहेच" म्हणून लोक पहिली रात्रही घालवतात. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून झालेल्या लकव्यात ती विरघळवायचं औषध साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. काही निवडक पेशंटची गुठळी नळीने चोवीस तासांपर्यंत काढता येते. गुठळी की रक्तस्राव, हे सीटी स्कॅनशिवाय कळत नाही. तोंड वाकडं झालं, हात खाली पडला, बोबडं बोलणं सुरू झालं की तेल चोळत, सकाळची वाट पाहत बसू नका. 108 ला फोन करा, धुळे किंवा जळगाव, जिथे सीटी लवकर होईल तिथे न्या. निघताना माणूस शेवटचा धडधाकट किती वाजता दिसला होता ते कागदावर लिहून घ्या. कॅज्युअल्टीत पहिल्यांदा तेच विचारतात.