गळती सिद्ध करताना

मोटारगाडीचे बहुतेक आजार उघड स्वभावाचे असतात. पंक्चर झालेले चाक आपले म्हणणे लगेच मांडते, बॅटरी उतरली की गाडी जागची हलत नाही आणि ब्रेक झिजले की ते चारचौघांत किंचाळून आपली अब्रू काढतात. रेडिएटरची, म्हणजे इंजिनाचे तापलेले पाणी थंड करणाऱ्या जाळीची, गळती मात्र विलक्षण संकोची असते. ती आहे, एवढेच कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या, बाटलीवरून कळते, कारण परवा वरच्या खुणेला टेकलेली पातळी आज खालच्या खुणेशी येऊन थांबलेली असते. पाणी गेले हे निश्चित. ते कोणत्या वाटेने गेले, याबाबत गाडी आपल्याला विश्वासात घेत नाही.

अशा वेळी माणूस गाडीखाली ओल दिसावी म्हणून प्रार्थना करू लागतो. ओल दिसतेही, पण ती बहुधा एसीच्या पाण्याची निघते: स्वच्छ, निर्गंध आणि तपासाच्या दृष्टीने निरुपयोगी. कूलंट रंगीत असते, बोटांवर चोळले तर बुळबुळीत लागते आणि त्याला गोडसर वास येतो. एका अनुभवी गृहस्थांनी मला बोट चाटून खात्री करण्याचा सल्ला दिला. कूलंटमधले इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असते हे त्यांचे म्हणणे अगदी खरे होते. ते विषारी असते, एवढाच तपशील त्यांच्याकडून राहून गेला. मी चव न घेता गाडीखाली मोठा पुठ्ठा पसरून ठेवला. सकाळी तो कोरडा ठणठणीत होता आणि बाटलीतली पातळी मात्र आणखी बोटभर उतरलेली होती. पुढे समजले की बारीक गळती पुष्कळदा इंजिन तापून दाब चढल्यावरच सुरू होते आणि बाहेर पडलेला थेंब तापलेल्या धातूवर पडून जमिनीपर्यंत पोहोचण्याआधीच वाफ होऊन जातो. मागे राहतो तो फक्त एखादा पांढुरका डाग, आणि तोही अशा सांदीत, की जिथे डोके घातले तर विजेरी धरायला हात उरत नाही.

हा दाब म्हणजे या सगळ्या प्रकरणाची गुरुकिल्ली आहे. साधे पाणी १०० अंशांना उकळते, निम्मे पाणी आणि निम्मे ग्लायकॉल यांचे मिश्रण साधारण १०७ अंशांना उकळते. पण रेडिएटरचे झाकण आतल्या दाबाला धरून ठेवते आणि त्यामुळे हा उत्कलनबिंदू सव्वाशे अंशांच्या आसपास जातो. म्हणजे बोनेटखाली आपण एक प्रेशर कुकर घेऊन फिरत असतो, फक्त त्याच्या शिट्ट्या व्हाव्यात अशी कोणाचीच इच्छा नसते. गळतीमुळे पाणी जाते ते जातेच, पण दाबही टिकत नाही, आणि उरलेले पाणी लवकर उकळू लागते. तापलेले झाकण उघडू नये असे त्यावर चित्रासह बजावलेले असते. तरीही रस्त्याच्या कडेला थांबलेल्या गाडीभोवती जे मदतगार जमतात, त्यांच्यापैकी एकाचा हात त्या झाकणाकडे जातोच जातो. उघडताक्षणी दाब सुटतो, आतले पाणी एकदम उकळून वाफेसकट तोंडावर येते, हे त्यांना समजावून सांगण्यात माझा जेवढा वेळ गेला, तेवढ्यात इंजिन आपोआप थंड झाले.

मदतगारांच्या पोतडीत औषधेही असतात. रेडिएटरमध्ये अंड्याचा पांढरा बलक ओतावा, तो उष्णतेने घट्ट होऊन भोक बुजवतो, असे एकाने छातीठोकपणे सांगितले. मिरपूड घातली तर अधिक बरे, अशी पुरवणी दुसऱ्याने जोडली. या उपचारात तथ्य अजिबात नाही असे नाही, परंतु भोक कोणते आणि नळी कोणती हे अंड्याला कळत नाही. ते दोन्ही तितक्याच निष्ठेने बुजवते. बाजारात मिळणाऱ्या गळतीरोधक द्रावणांबद्दल माझे मत थोडे सौम्य आहे, पण फार नाही. अडलेल्या प्रवासात ती घरापर्यंत पोहोचवतील, मात्र त्यांचा गाळ हीटरच्या बारीक नळ्यांत कायमचा मुक्काम ठोकू शकतो.

आणि त्या हीटरची गरज नेमकी आत्ताच असते. गाडी तापू लागली तर एसी बंद करून हीटर पूर्ण क्षमतेने चालू करावा, म्हणजे इंजिनाची थोडी उष्णता आत ओढली जाते, हा उपाय शास्त्रशुद्ध आहे. भर दुपारी, रणरणत्या उन्हात, मी तो प्रामाणिकपणे अमलात आणला. चारही काचा खाली, पायांवर आणि तोंडावर भट्टीचा झोत, अंगावरचा सदरा भिजलेला, आणि नजर तापमानाच्या काट्यावर. शेजारच्या वाहनातील लहान मूल माझ्याकडे ज्या करुणेने पाहत होते, तशी करुणा मला थोरामोठ्यांकडूनही क्वचितच मिळाली आहे. त्या काट्यावरही फार विसंबून चालत नाही. पाणी इतके खाली गेले की त्याचा संवेदक कोरडा पडला, तर इंजिन करपत असतानाही काटा थंडपणाकडे झुकू शकतो. असा धीर देणारा मित्र नसलेला बरा.

इतिहासात डोकावल्यावर मात्र मन जरा शांत झाले. १८८८ साली बर्था बेंझ आपल्या दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, त्याने बनवलेल्या मोटारीतून जर्मनीतल्या मानहाइमहून फोर्त्सहाइमला निघाल्या. शंभराहून अधिक किलोमीटरच्या त्या वाटेवर त्यांना पुन्हा पुन्हा पाणी भरावे लागले, कारण त्या गाडीत पाण्याची वाफ होऊन जाणे हीच इंजिन थंड ठेवण्याची रीत होती. त्यांच्या गाडीतून पाणी जाणे ही रचना होती. माझ्या गाडीतून जाणे हा बिघाड ठरला. पुढे विल्हेल्म मायबाख यांनी १९०१ च्या मर्सिडीजसाठी मधाच्या पोळ्याच्या धर्तीवर जो रेडिएटर केला, त्यात ८,०७० बारीक चौकोनी नळ्या एकमेकींना डाख देऊन जोडलेल्या होत्या. त्यातली गळती शोधायला जो पहिला माणूस बसला असेल, त्याच्याविषयी मला अपार सहानुभूती वाटते.

माझ्या मेकॅनिकने तसे बसणे नाकारले. त्याने थंड इंजिनावरचे झाकण काढून त्या जागी एक हातपंप बसवला, झाकणावर लिहिलेल्या दाबाइतकी हवा भरली आणि तो दुसऱ्या गाडीकडे निघून गेला. पंपावरचा काटा हळूहळू उतरू लागला. मग अगदी बारीक फुसफुस ऐकू आली आणि जिथे प्लॅस्टिकची टाकी ॲल्युमिनियमच्या जाळीला दुमडून बसवलेली असते, त्या शिवणीवर एक गुलाबी थेंब उगवला. मला इतका आनंद झाला की मी आजूबाजूच्या लोकांना बोलावून तो दाखवला. मेकॅनिकने तो थेंब बोटाने पुसला.

“साहेब, पूर्वीचा तांब्या-पितळेचा असता तर डाख दिला असता. हा पूर्ण बदलावा लागेल.”

रेडिएटर बदलला. त्याबरोबर कडक झालेले होज पाइप आणि त्यांच्या क्लिपाही बदलल्या, कारण काढताना ते तुटले आणि तुटले नसते तरी बदलायला हवेच होते, असे मला सांगण्यात आले. नवे कूलंट भरले, गाडी फिरवून आणली, आणि सकाळी बोनेट उघडले तर बाटलीतली पातळी पुन्हा उतरलेली! मी तातडीने फोन लावला.

“घाबरू नका साहेब, आत अडकलेली हवा निघतेय. गाडी थंड असताना खुणेपर्यंत भरा.”

“हवा पूर्ण निघाली हे कसे ओळखायचे?”

“पातळी उतरायची थांबते.”

“आणि थांबली नाही तर?”

“मग ती गळती असते.”