एक बैल ओढंना

हाळी-हंडरगुळीच्या बैलबाजारात माझ्या शब्दाला जरा वजन आहे. जबडा उघडला की दोन दाती, चार दाती, सहा दाती का सगळे दात आलेला जुळलेला, म्हणजे बैलाचं वय, मी मालकानं तोंड उघडायच्या आत सांगतो, देवणी जातीतला वानेरा, बालंक्या, शेवरा लांबूनच वळखतो, आणि रुमालाखाली बोटं धरून सौदा करताना आजवर मला कुणी हजाराला फसवलं नाही (पाचशेला फसवलंय, ते घरी माहीत नाही). असा माणूस 2025 च्या दिवाळीत एका पत्र्याच्या डब्यापुढं पार आडवा झाला.

पोरगी संभाजीनगरला आर्किटेक्चरला आहे, तिसऱ्या वर्षाला. पाच वर्षाचा कोर्स असतो हे माहीत होतं, पण घर बांधायला शिकवतात म्हणजे विटा, वाळू, सिमेंट असं काहीतरी असंल असा माझा समज. निघालं भलतंच. घर कॉम्प्युटरात बांधायचं, रंग कॉम्प्युटरात द्यायचा आणि वर ऊन पण कॉम्प्युटरातच पाडायचं. आमच्या शेतात फुकटचं ऊन पडून टाळू भाजायलीय आणि ही रात्री दोन वाजता बसून भिंतीवर ऊन पाडायलीय, सावली नीट पडंना म्हणून रडायलीय.

तर एका सकाळी फोन आला. "पप्पा, लॅपटॉप गेला." बारावीला घेतलेला लॅपटॉप, 8 जीबीचा. रात्री अकराला रेंडर (कॉम्प्युटरातल्या घराचं फोटोसारखं चित्र काढायचं काम) लावला, लॅपटॉप तापायला लागला म्हणून मैत्रिणीच्या सल्ल्यानं खाली स्टीलचं ताट उलटं घातलं, वरून टेबलफॅन सोडला, पहाटे पाचला 70 टक्के झालं आणि तिथं स्क्रीन काळी. दहाला ज्युरी. ज्युरी म्हणजे कोर्टातली नाही, ह्यांचे सर लोक आणि बाहेरचे दोन आर्किटेक्ट बसतात आणि शीटवर लाल पेन मारतात, पण पोरांची तोंडं बघितली तर कोर्ट बरं.

मी म्हणलं दुसरा लॅपटॉप घेऊ. ती म्हणली नको, डेस्कटॉप. तेवढ्याच पैशात डेस्कटॉप जास्त ताकदीचा येतो, लवकर तापत नाही, आणि पुढं रॅम (चालू काम धरून ठेवणारी मेमरी) वाढवता येते, ग्राफिक्स कार्ड (चित्र काढणारा भाग) बदलता येतं, लॅपटॉपात बरंच काही चिकटवूनच देतात. हे मला पटलं. कालवड घेऊन वाढवणं आमच्या रक्तातच आहे. "किती लागतील?" तर म्हणली साठ हजार. मी मनातल्या मनात सोयाबीन मोजली. हमीभाव 5328, तो कागदावर. सप्टेंबरच्या पावसानं अर्धं रान पाण्याखाली होतं, जी निघाली ती डागी आणि ओली, अडत्यानं मुठीत घेऊन चोळली, नाकाला लावली आणि 3600 म्हणला. म्हणजे साठ हजार म्हणजे जवळजवळ सतरा क्विंटल. एका डब्याला सतरा क्विंटल! आणि ऑटोकॅड, रेव्हिट ही घराचे नकाशे काढायची सॉफ्टवेअर विद्यार्थ्याला फुकट देतात बरं का. म्हैस फुकट आणि दावं साठ हजाराचं.

ही बातमी पै-पाहुण्यात गेली आणि भाऊबीजेला मेहुणा डायरेक्ट एक कॉम्प्युटर घेऊनच दारात उतरला. "भाचीला ओवाळणी!" बायकोच्या डोळ्यात पाणी. जेवण झालं, हात धुताना मला बाजूला घेऊन म्हणला, "दाजी, बारा हजार द्या फक्त, दुसऱ्याला पंधराला जात होता." कुठल्या तरी ऑफिसातून निघालेला माल. काळं कॅबिनेट, पुसून चकचकीत केलेलं, पुढं प्रोसेसरचं, म्हणजे कॉम्प्युटरच्या मेंदूचं, स्टिकर, आय फाइव्ह. मेहुणा म्हणला, "आय फाइव्ह हाय दाजी, आय फाइव्हच्या खाली आजकाल कोण घेतंय."

पोरगी काही बोलली नाही, तिनं कॉम्प्युटर चालू केला, कुठं तरी दोन-चार क्लिक केले आणि मला म्हणली, "पप्पा, दात बघायचे का?"

आता आय फाइव्ह म्हणजे नुसती जात झाली, देवणी म्हणल्यासारखं. वय पुढच्या आकड्यात असतं. त्याच्यावर लिहिलेलं होतं 4570. चार आकडी असला की पहिला आकडा म्हणजे पिढी, चौथी. नवीन माल 12400 असा पाच आकडी, त्यात पहिले दोन बघायचे, बारावी. चौथ्या पिढीचा हा नग 2013 चा. विंडोज 11 ला इंटेलच्या ह्या प्रोसेसरची आठवी पिढी तरी पाहिजे, आणि विंडोज 10 चे अपडेट 14 ऑक्टोबरलाच बंद झालेले, म्हणजे ओवाळणी यायच्या नऊ दिवस आधी. बैल नुसता जुळलेलाच नाही, पेन्शनीत गेलेला. मी मेहुण्याकडं बघितलं. मेहुणा म्हणला, "पण चालू तर व्हायलाय की." चालू तर आमचा म्हातारा पण होतोय, त्याला काय नांगराला जुंपायचं का.

पण त्या दिवशी मला एकदम हुरूप आला. आपल्याला कळतंय की हे! मग मी मोबाईलवर रात्र-रात्र व्हिडिओ बघायला लागलो. हैदराबादला जाऊन आणावं का, सिकंदराबादच्या सीटीसीत, कॉम्प्युटरच्या बाजारात, स्वस्त मिळतं म्हणतात, उदगीरवरून रेल्वे आहे, पण मग गॅरंटीला दर वेळेस डबा मांडीवर घेऊन कोण जाणार. जुनं ग्राफिक्स कार्ड घ्यावं का, तर त्यातही भानगड. इथेरियम नावाचा कॉम्प्युटरातला पैसा आहे, तो पाडायला लोकांनी ही कार्डं रात्रंदिवस जुंपली होती, 2022 च्या सप्टेंबरात तो धंदा बंद पडला आणि ती सगळी राबलेली कार्डं फुंकून, पुसून बाजारात आली. कार्डाला दात नसतात, कळणार कसं? बायको म्हणली, "आवो, झोपा आता, पोरीला घ्यायचाय का तुम्हाला?"

शेवटी रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं संभाजीनगर गाठलं आणि पोरीला घेऊन दुकानात गेलो. दुकानदार पंचविशीतला पोरगा, मला काका म्हणला आणि लगेच चहा मागवला. बाजारात चहा लवकर आला की मी सावध होतो.

पहिली गोष्ट रॅमची. पोरगी म्हणली 16 जीबी एकच पट्टी लावा, एक जागा मोकळी ठेवा, पुढं दुसरी टाकू. पोरगा म्हणला नऊ हजार. पोरगी उडालीच, दिवाळीच्या आधी चार हजाराच्या आत होती म्हणली. "काय करता ताई, एआयवाल्यांनी उचलली. डेटा सेंटरला लागती, कंपन्या सगळा माल तिकडंच द्यायल्यात." मला हे ऐकून इतकं वाईट वाटलं की सांगता येत नाही. आमचं रान बुडालं, माल कमी आला, तरी भाव पडला. ह्यांच्या रॅमवर थेंब पडला नाही आणि भाव दुपटीच्या वर. मी म्हणलं, "भाऊ, रॅमला अडत्या कोण आहे?" तो हसला, पण शंभर रुपये सोडले नाहीत.

मग प्रोसेसर. 12400 ठरलं. पोरगा म्हणला, काका, ह्याच्यातच 12400 एफ येतो, दीड-दोन हजार वाचतील. मी म्हणलं एफ म्हणजे काय? तर म्हणला, त्याच्यात स्वतःचं ग्राफिक्स नसतं, पण तुम्ही कार्ड टाकायलातच तर ते लागत नाही. पोरगी पण म्हणली घ्या पप्पा, चालतंय. इथं माझ्यातला बाजारातला माणूस जागा झाला. स्वस्त आहे म्हणून एक शिंग कमी असलेला बैल घ्यायचा? अजिबात नाही. पुरा माल द्या! दोन हजार मी ताठ मानेनं जास्त दिले. हे दोन हजार लक्षात ठेवा, पुढं लागणारेत.

कार्डावर दीड तास गेला. पोरगा नवीन पिढीचं 8 जीबीचं कार्ड पुढं सरकवायलाय, पोरगी जुन्या पिढीच्या आरटीएक्स 3060 वर अडून बसलेली, कारण त्याला 12 जीबी मेमरी. आता पिढीचं तर मी नुकतंच शिकून आलतो, म्हणलं बाई नवीन पिढी घे की. ती म्हणली, "पप्पा, लुमियनमध्ये झाडं लावावी लागतात." लुमियन म्हणजे रेंडर करायचं सॉफ्टवेअर, आणि त्यातला सीन म्हणजे सगळा देखावा, घर, रस्ता, गवत, झाडं, हे सगळं त्या कार्डाच्या मेमरीत बसलं पाहिजे, नाही बसलं की गाडी अडकली, मग कार्ड कितीही पळतं असू द्या. झाडाचं एकेक पान त्याला धरून ठेवावं लागतं म्हणे. मी म्हणलं मग थोडी कमी लाव. तर म्हणली लँडस्केपला मार्क असतात. माझ्या बांधावर चार लिंबं आहेत, आजोबानं लावलेली, आजवर त्यांनी एक जीबी खाल्ली नाही. पण पटलं मला तिचं. पळणारा बैल शर्यतीला, आपल्याला गाडीत माल किती बसतोय ते बघायचं. 3060 घेतलं, पंचवीस हजार, सात क्विंटल.

आणि मग पोरगा म्हणला, "काका, कॅबिनेट घ्या, एसएमपीएस फ्री!" मी घेणारच होतो. फ्री म्हणल्यावर मराठवाड्यातला माणूस आधी हात पुढं करतो, मग विचारतो काय आहे. एसएमपीएस म्हणजे लाईट घेऊन सगळ्यांना वाटून देणारा डबा. पोरीनं हात धरला. "फुकटचा लावायचा नाही, कंपनीचा 550 वॉटचा पाहिजे, चार हजाराचा." मी चिडलो, बारीकसारीक गोष्टीला चार हजार? तर ती हळूच म्हणली, "पप्पा, स्टार्टर आठवा." मी गप. तीन वर्षांमागं पाच एचपीच्या मोटरीला मी सहाशे रुपये वाचवून एक लोकल स्टार्टर बसवलता, लाईट खाली-वर झाली, स्टार्टर पडलाच नाही आणि मोटर जळली, वाइंडिंगला साडेचार हजार, वर विहिरीतून मोटर काढायला चार गडी, आणि तेवढ्यात उसाचं एक पाणी हुकलं ते वेगळं. दिले चार हजार. खरं सांगू का, सगळ्या बिलात मला कळून दिलेले पैसे तेवढेच.

कॅबिनेटमधी मात्र हरलो. साधं शिल्लक नव्हतं, म्हणून काचेचं, चार पंखेवालं, आणि चारी पंख्यात लाल, हिरवे, निळे लाईट गरगर फिरतेत. दुकानात चालू केलं तर वाटलं वरातीची गाडी आली. आता रूमवर रात्री पार्टनरला झोप येत नाही म्हणून त्याच्यावर ओढणी टाकत्यात, मग पोरगी उठून ओढणी काढती, कारण हवा कोंडती. मॉनिटर, एसएसडी, यूपीएस धरून बिल 78 हजार. बनी तो बनी, नहीं तो परभणी, असं म्हणून मी सही केली. परभणीवाल्यांनी माफ करावं.

रूमवर सगळं मीच जोडलं. दुकानदार म्हणलाता पोरगा पाठवतो, तीनशे रुपये. तीनशे? वायरी जोडायला? जिथं आकार बसंल तिथं घालायची, चुकायला काय आहे त्याच्यात. माऊस, कीबोर्ड, मॉनिटर, सगळं मागच्या बाजूला वरच्या अंगाला ओळीनं बसलं. चालू झालं. पोरीनं पेढा दिला. मी रात्रीची ट्रॅव्हल्स धरली आणि सकाळी पारावर बसून चार जणांना प्रोसेसरचे दात समजावून सांगितले.

आठ दिवसांनी फोन. "पप्पा, हे पण अडकायलंय." लुमियन उघडतंय पण हलवलं की थांब-थांब करतंय. दुकानदाराला फोन लावला, तो म्हणला काका रॅम अजून एक पट्टी टाका, नऊ हजार सातशे झालीय. मेहुण्याला कुठून तरी कळलं, त्याचा फोन आला, "दाजी, माझावाला चालू तर होता." ते लई लागलं मला. तीन आठवडे असेच गेले, सबमिशन जवळ आलं, शेवटी परत ट्रॅव्हल्स.

पोरगी कॉलेजला गेलेली. तिनं रेंडर लावून ठेवलेला. मी डब्यासमोर पाट घेऊन बसलो. कॉम्प्युटरातलं मला काय कळणार, पण राबणारं जनावर कळतं. काचेचं झाकण काढलं, हात आत धरला. प्रोसेसरच्या बाजूनं गरम हवा, पंखा भणभण करायलाय. कार्डाच्या पाठीवर हात ठेवला, तर थंडगार. त्याचे दोन्ही पंखे उभे. पंचवीस हजाराचं कार्ड, सात क्विंटलचं, झोपलेलं! जोडीतला एक बैल जीव तोडून ओढायलाय आणि दुसरा नुसता जू खांद्यावर घेऊन शेजारून चालायलाय, हे मी हजार वेळा बघितलंय. मग मागं गेलो, बॅटरी मारली. मॉनिटरची वायर वरच्या भोकात. आणि खाली, कार्डाच्या पट्टीवर, तसंच, डिट्टो तसंच दुसरं भोक, रिकामं.

म्हणजे महिनाभर पोरगी त्या प्रोसेसरच्या पोटातल्या चिमुकल्या ग्राफिक्सवर झाडं लावत होती. आणि एफवाला घेतला असता तर त्या वरच्या भोकातून काही दिसलंच नसतं, पहिल्याच दिवशी स्क्रीन काळी, पहिल्याच दिवशी चूक कळली असती. दोन हजार जास्त देऊन मी चूक लपवायची सोय विकत घेतलती.

वायर बदलली. कार्डाचे पंखे आधी अडखळले, मग फिरले. पोरगी आली, दप्तर पण खाली ठेवलं नव्हतं, स्क्रीनवर गरगर सीन फिरवला, झाडं हलायलीत, पानं हलायलीत. "पप्पा! काय केलं तुम्ही?"

"काही नाही," मी म्हणलं, "धूळ झटकली थोडी."

संक्रांतीला परत गेलतो, तिळगूळ घेऊन. ती चहा टाकत होती तवा सहज डब्याच्या मागं डोकावलं. वरच्या भोकावर पांढरी चिकटपट्टी होती आणि त्याच्यावर तिच्या त्या शीटवरच्या सुबक अक्षरात लिहिलेलं, "पप्पा, इथं नाही."