गॅरंटी मिळाली, सेवेचे काय?

कर्नाटकच्या २०२३ मधील विधानसभा निवडणुकीत काँग्रेसने दिलेल्या पाच गॅरंटींपैकी महिलांच्या मोफत बस प्रवासाची शक्ती योजना ११ जून २०२३ रोजी सुरू झाली आणि बेळगावला कामाला, दवाखान्याला किंवा बाजाराला जाणाऱ्या आमच्या भागातील बायकांना तिचा खरोखर आधार झाला, हे आधीच मान्य करतो. परंतु तिकीट माफ झाले तरी आमच्या खानापूर तालुक्यातील जांबोटी-कणकुंबी भागात गाड्या त्या प्रमाणात वाढल्या नाहीत. सकाळची गाडी येते ती दारापर्यंत भरलेली. दप्तर पोटाशी धरून कॉलेजच्या मुली पायरीवर लोंबकळतात आणि ज्यांना तेवढीही जागा मिळत नाही त्यांचा पहिला तास बुडतो. दोष वाहकाला देऊन उपयोग नाही, कारण गाड्या आणि माणसे पुरवणे हे सरकारचे काम आहे.

मोफत तांदळाच्या अन्नभाग्य योजनेचेही तसेच झाले. माणशी दहा किलो तांदळाचे वचन होते, पण वाढीव पाच किलो तांदूळ उपलब्ध न झाल्याने जुलै २०२३ पासून त्याऐवजी माणशी १७० रुपये देण्यात आले. धान्याऐवजी पैसे देता येतात. दवाखान्यातील डॉक्टरऐवजी ते देऊन कसे चालेल?

जुलै २०२४ मध्ये खानापूर तालुक्यातील आमगावच्या एका आजारी महिलेला गावकऱ्यांनी भर पावसात तिरडीसारख्या लाकडी डोलीवरून जंगलवाटेने बाहेर आणले. भीमगड अभयारण्यातील आमगावसारख्या गावांना रस्ता आणि पूल देण्याचे आश्वासन प्रत्येक पक्षाने दिले आहे. निवडणूक संपली की वनखात्याची परवानगी मिळत नाही, असे सांगितले जाते. अभयारण्य २०११ मध्ये जाहीर झाले. म्हणजे ही अडचण आश्वासन देतानाही सर्वांना ठाऊक होती. परवानगी कोण, किती मुदतीत आणणार आणि तोवर पावसाळ्यात रुग्णाला कसे हलवायचे, याचे उत्तर नसताना रस्त्याचा शब्द देणे ही शुद्ध फसवणूक आहे, मग तो कोणत्याही पक्षाने दिलेला असो. महाराष्ट्रातील पक्षांनाही हे लागू आहे, कारण महाराष्ट्र ज्यांवर हक्क सांगतो त्या सीमाभागातील ८६५ गावांचा उल्लेख त्यांच्या भाषणांत जितका होतो, तितका आमच्या दैनंदिन अडचणींचा होत नाही.

जाब विचारायचा तर कोणाला, हा प्रश्न मला सर्वांत अधिक अस्वस्थ करतो. प्राथमिक आरोग्य केंद्रे, शाळांच्या इमारती, गावचे रस्ते आणि पिण्याचे पाणी ही मुख्यतः जिल्हा आणि तालुका पंचायतींची कामे. २०१६ मध्ये निवडून आलेल्या सदस्यांची मुदत २०२१ मध्ये संपली आणि त्यानंतर वर्षानुवर्षे तेथे प्रशासकच बसले. त्या वेळी भाजपचे सरकार होते, २०२३ मध्ये काँग्रेसचे आले. मतदारसंघांची पुनर्रचना, आरक्षण, न्यायालय अशी कारणे मात्र दोघांच्याही तोंडी सारखीच राहिली. आमदाराला भेटायला बेळगाव गाठावे लागते, तेथील सुवर्ण विधानसौधमधील विधिमंडळाचे अधिवेशन वर्षातून काही दिवसांचे असते, आणि गळणाऱ्या शाळेचे छप्पर पाहायला यावे असा हक्काने आग्रह धरता येईल असा जिल्हा पंचायत सदस्यच नाही.

म्हणून यापुढे मते मागायला येणाऱ्या उमेदवाराकडून मी तीन गोष्टी लेखी मागणार आहे, आणि आपणही आपापल्या गावात मागाव्यात: वस्तीच्या गाडीचे वेळापत्रक, आरोग्य केंद्रातील रिक्त पदे भरण्याची तारीख आणि जिल्हा पंचायतीची निवडणूक वेळेवर घेण्याचा शब्द. तो कागद ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा, त्याखाली उमेदवाराची सही असावी आणि दर ग्रामसभेत तो मोठ्याने वाचला जावा.