चला, यंदाचीही कुस्ती विकत घेऊ

डब्ल्यूडब्ल्यूईचा दरसालचा व्हिडिओ गेम घ्यायचा विचार करताय? उत्तम. सगळ्यात आधी प्रीऑर्डर करा. गेम कुणी खेळलेला नाही, परीक्षण कुठे आलेलं नाही, ट्रेलरमध्ये पैलवान रोमन रेन्स नुसतं एक बोट वर करून उभा आहे, आणि तेवढ्यावर आपण पैसे मोजून मोकळे होतो, यातली निष्ठा काही औरच. फ्लॅट घेताना लोक रेरा नंबर विचारतात. गेम घेताना असले संशय मनात आणू नयेत.

शिवाय बोनस मिळतो. या मालिकेचं नाव डब्ल्यूडब्ल्यूई २के, पुढे वर्षाचा आकडा. २के२५ च्या प्रीऑर्डरवर वायट सिक्स नावाची पैलवानांची टोळी मिळाली, त्याच्या आदल्या वर्षी नाइटमेअर फॅमिली पॅक. हे पैलवान कंपनीने तयार केलेलेच असतात, फक्त त्यांना कुलूप घातलेलं असतं आणि किल्ली म्हणून एक कोड मिळतो.

हा कोड कसा वापरायचा तेही सांगतो, माझा अनुभव ताजा आहे. दुकान ओळखीचं निवडा. डिस्कच्या वेष्टणावर अरबी अक्षरं दिसली तर बिचकू नका, माल दुबईमार्गे आलाय एवढाच त्याचा अर्थ. घरी या, सील फोडा, आतली चिठ्ठी काढा, मोबाइलचा टॉर्च लावून ती बारीक छपाई वाचा आणि कंट्रोलरने एकेक अक्षर शोधत बारा अक्षरं भरा. मग पडद्यावर येईल की हा कोड चालत नाही. डिस्क कुठल्याही देशाची चालते हो, कोड मात्र ज्या देशाचा त्याच देशाच्या अकाउंटला. दुकानात फोन करा. "दादा, डिस्क चालतेय ना? मग झालं तर." बदलून द्या म्हणालात तर, "आता सील फोडलंत ना तुम्ही." सील न फोडता चिठ्ठी बाहेर कशी काढायची होती, हे विचारेपर्यंत फोन ठेवलेला असतो.

असो. पुढचा सल्ला आवृत्तीबद्दल. साधी आवृत्ती कधीही घेऊ नका. २के२५ निघाला तेव्हा नव्या कन्सोलवर साधी आवृत्ती ७० डॉलरला होती, 'डेडमन' १००, 'ब्लडलाइन' १३०. महागडी घेणाऱ्यांना गेम ७ मार्चला मिळाला, साध्या माणसांना १४ मार्चला. पूर्वी वस्तू बाजारात आली की आली असं समजत. आता ती आठवडाभर आधी श्रीमंतांसाठी येते, मग बाकीच्यांसाठी. जादा पैसे देऊन तुम्हाला बग आधी सापडतात, आणि तुम्ही तक्रारी करून दुरुस्तीचा पॅच आणवता तोवर ७० डॉलरवाले खेळायला बसतात. समाजसेवाच ही.

पॅच उतरत असताना फ्रीज साफ करून घ्यावा.

रोस्टर, म्हणजे गेममधल्या पैलवानांची यादी, वाचताना ती चालू वर्षाची आहे असं समजू नये. २के२२ मार्च २०२२ मध्ये आला. त्यात सेझारो होता, पण तो फेब्रुवारीतच कंपनी सोडून गेला होता. कोडी ऱ्होड्स मात्र नव्हता, आणि तो पुढच्याच महिन्यात रेसलमेनियाला, म्हणजे कंपनीच्या वर्षातल्या सर्वांत मोठ्या कार्यक्रमाला, परत आला. गेम बनायला वेळ लागतो, कळतं आम्हाला. टीव्हीवर दर आठवड्याला कुणी येतं, कुणाला नारळ मिळतो, तेही कळतं. म्हणून तर दरवर्षी नवा गेम विकण्यापेक्षा एकच गेम ठेवून त्यात माणसं बदलत राहावीत असं एखाद्या भाबड्याला वाटतं. अशा भाबड्याशी बोलू नका.

निन्टेंडो स्विचवर रडतखडत चालणारा २के१८ खेळलेल्यांनी हा लेख वाचला नाही तरी चालेल. त्यांनी पुरेसं भोगलंय.

पहिल्याच दिवशी खेळायचा हट्ट असेल तर २के२० चं स्मरण करून मगच डिस्क आत सारा. वर्षानुवर्षं हे गेम जपानचा युक्स स्टुडिओ बनवत होता. ते बाजूला झाले, पूर्ण कारभार व्हिज्युअल कन्सेप्ट्स या स्टुडिओच्या हातात आला आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये त्यांचा २के२० निघाला. मग जे झालं त्याचे व्हिडिओ लोक अजून जेवताना बघतात. पैलवान रिंगच्या फळ्यांत कमरेपर्यंत रुतलेले, हात उलट्या दिशेला वळलेले, केस डोक्याशी काडीमोड घेतल्यासारखे स्वतंत्र नाचताहेत. आणि १ जानेवारी २०२० ला गेमने चालायलाच नकार दिला. वर्ष बदललं हे त्याला सोसलं नाही. लोकांनी कन्सोलची तारीख मागे नेऊन पुन्हा २०१९ केलं, तेव्हा स्वारी सुरू झाली. इतका धसका बसला की २के२१ निघालाच नाही. या मालिकेतला एकही बग नसलेला भाग कोणता असं कुणी विचारलं तर बिनदिक्कत २के२१ सांगा.

आता सर्वांत महत्त्वाची सूचना. गेम सुरू करून थेट कुस्ती खेळू नका.

का, तर रिंगमधली कुस्ती चांगली आहे. साफ सांगायचं तर फारच चांगली आहे, आणि त्यामुळे सगळा हिशोब बिघडतो. २के२२ पासून कंट्रोल नव्याने बांधले, ते मुरत मुरत आता हातात बसले आहेत. जड गडी उचलताना जड वाटतो. समोरच्याचा डाव उलटवायचं त्रिकोणाचं बटण दाबायला पापणी लवेल इतकाच वेळ मिळतो. साधला तर उचलणाराच खाली, चुकला तर तुम्ही पायऱ्यांवर. पंचाच्या दोन थापा पडतात, तिसरी पडणार आणि तेवढ्यात खांदा उचलला जातो, त्या क्षणी सोफ्यावर बसलेला शहाणासुरता माणूस उभा राहतो. २के२४ मध्ये अ‍ॅम्ब्युलन्स आणि कास्केट (शवपेटी) मॅच आल्या, स्पेशल रेफरी परत आला. २के२५ मध्ये चेन रेसलिंग, म्हणजे पकडीला पकड, परतलं, स्त्रीपुरुष एकमेकांशी लढू शकतात, मायजीएम, म्हणजे मॅनेजर होऊन कुस्तीचा शो चालवायचा प्रकार, ऑनलाइन मित्रांशी खेळता येतं. २के२३ च्या शोकेसमध्ये, म्हणजे जुन्या गाजलेल्या लढती पुन्हा खेळायच्या भागात, तर जॉन सीनाची कारकीर्द सीनाला हरवणाऱ्यांच्या बाजूने खेळायची होती, असली कल्पना ज्याला सुचली त्याचा पगार वाढवा. हे सगळं खेळत बसलात तर तुमचं समाधान होईल, आणि समाधान झालेलं गिऱ्हाईक काही विकत घेत नाही. तेव्हा रिंग सोडा. मेनूत जा.

मेनूत गेल्यावर व्हीसी नावाचं चलन भेटेल. कुस्त्या जिंकल्या की चिमूटभर मिळतं, कार्ड दिलं की पोतंभर मिळतं. जुने दिग्गज, वेगवेगळे पोशाख, जुनी रिंगणं, हे सगळं तुम्ही विकत घेतलेल्या गेममध्येच आहे, पण व्हीसी टाकून उघडायचं. एकेक उघडायचा कंटाळा येत असेल तर सुपरचार्जर नावाची डीएलसी, म्हणजे वेगळे पैसे मोजून उतरवायची पुरवणी, घ्या, सगळी कुलपं एकदम उघडतात. म्हणजे कुलूप लावणाराही तोच आणि कुलूप तोडण्याची फी घेणाराही तोच. मग मायफॅक्शन. तिथे पत्त्यांची पाकिटं फोडायची, आत कोण निघेल ते नशीब. लहानपणी ट्रम्प कार्डांचं पाकीट घेतलं तर निदान अख्खा संच हातात यायचा, अंडरटेकर भावाने पळवला तर भावाला बडवता यायचं! इथे ज्या पैलवानाची नवी छबी हवी तो पर्सोना कार्डात लपलेला, कार्ड पाकिटात, पाकीट व्हीसीत, आणि व्हीसी तुमच्या बँकेत. एकट्याने कॉम्प्युटरविरुद्ध खेळायचं असलं तरी इंटरनेट पाहिजे. का? कशासाठी? घरात एकटा बसून मशीनला आपटतोय मी, त्यात सर्व्हरचं काय काम? आणि एवढ्यावर भागलं नाही म्हणून २के२५ मध्ये 'द आयलंड' आणलं. रोमन रेन्सचं बेट. ऐकायला काय भारी. प्रत्यक्षात बाजारपेठ आहे, तिच्या मधोमध कुठेतरी कुस्ती. तुमचा पैलवान अशक्त सुरू होतो, त्याचा एकेक गुण वाढवायला व्हीसी लागतो, आणि समोर उभा राहतो तो कार्ड घासून शंभरच्या रेटिंगला पोचलेला कुणीतरी. तुमचे दहा फटके, त्याचा एक. याला कुस्ती म्हणायचं? खेळातलं कौशल्य गेलं कुठे? सत्तर डॉलर घेतलेत ना? मोफतच्या मोबाइल गेमने हे केलं तर समजू शकतो, त्याला पोट भरायचंय. तुम्ही आधी पूर्ण किंमत घेता, मग सीझन पास विकता, मग सुपरचार्जर, मग पाकिटं, मग बेट! लाज कशी वाटत नाही?

माफ करा, आपण सल्ले देत होतो.

पीसीवाल्यांना २के२५ मध्ये बेट मिळालंच नाही. त्यांनी सत्यनारायण घालावा.

शेवटी क्रिएशन सूटबद्दल, म्हणजे आपले पैलवान आपण घडवायच्या सोयीबद्दल, कारण दरवर्षी ज्याच्यासाठी लोक परत येतात ते हेच. या मालिकेतली सर्वांत सुंदर गोष्ट कंपनीने फुकट मिळवली आहे. कुणीतरी रात्र रात्र जागून भुवयांचा कोन जुळवतो, टॅटूचं चित्र काढून अपलोड करतो, नव्वदच्या दशकातला विसरलेला पैलवान हुबेहूब उभा करतो, आणि कम्युनिटी क्रिएशन्समध्ये जगाला देऊन टाकतो. पैसे नाहीत, क्रेडिट नाममात्र. दुसऱ्या कंपनीत गेलेले गडी, निवृत्त झालेले, यादीतून उडवलेले, सगळे या बिनपगारी माणसांच्या जिवावर गेममध्ये असतात. यावर तुम्ही काय करावं? काही वर्षांनी सर्व्हर बंद होतो आणि त्यावरचं ते सगळं जातं, कुणी आधीच उतरवून घेतलं असेल तेवढंच उरतं, तेव्हा टाळ्या वाजवाव्यात.

नाही, टाळ्या नाही वाजवायच्या. पुरे झाली थट्टा. रिंगमध्ये एवढं चांगलं काम करणारी माणसं तुमच्याकडे आहेत आणि तुम्ही त्यांच्याभोवती गल्ले मांडून ठेवलेत. २के२० नंतर तुम्ही दोन वर्षं थांबलात आणि २के२२ सुधारून आणलात, म्हणजे थांबलं की जमतं हे तुम्हालाही ठाऊक आहे. तरी पुन्हा दर मार्चला तोच रतीब. आणि आपण? ट्रेलरखाली शिव्या घालायच्या आणि खालच्याच बटणावर प्रीऑर्डर करायची. बेटाला नावं ठेवायची आणि रेटिंग वाढवायला कार्ड काढायचं. ते गल्ले मांडतात, कारण आपण त्यात पैसे टाकतो. एप्रिलपर्यंत थांबा, काही मरत नाही. परीक्षणं वाचा, व्हीसीला एक रुपयाही देऊ नका, दुकानदार कोडाच्या नावाने जास्तीचे पैसे मागेल तर ते आपल्याच खिशात राहू द्या. आणि कंपनीवाल्यांनो, सर्व्हर बंद करायचा तर करा, पण त्याआधी लोकांनी घडवलेले पैलवान पुढच्या वर्षीच्या गेममध्ये नेण्याची सोय द्या. ते तुमचे नाहीत.