क्वायचा पूल बघायला जाताय? मग एक रात्र तरी राहा

दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्याने युद्धकैदी आणि मजुरांकडून थायलंड-बर्मा रेल्वे बांधून घेतली, तिच्यावरचा हा थायलंडमधल्या कांचनाबुरीचा पूल. बँकॉक-पटायाच्या सहलीत तो बहुतेक वेळा फ्लोटिंग मार्केटला चिकटवून उरकला जातो. अर्धा तास, चार फोटो, चला गाडीत. माझ्या मते असं जाण्यापेक्षा न गेलेलं बरं.

मुळात पूल बांधला तो मे क्लाँग नदीवर. 1957 चा ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’ हा सिनेमा गाजला, लोक ‘क्वाय’ शोधत यायला लागले, म्हणून 1960 च्या दशकात नदीच्या या भागाचं नावच ख्वे याई करून टाकलं. (सिनेमाचं शूटिंग श्रीलंकेत झालं, हे वेगळंच!)

पुलावर आधी सांगाडे बघा. वरून गोलसर असलेले गाळे जुने, जपानी सैन्याने जावाहून आणलेले. मधले दोन कोनदार गाळे युद्धानंतरचे, कारण 1945 च्या बॉम्बफेकीत तिथले तीन गाळे कोसळले होते. पूल अजून चालू आहे. गाडी आली की बाजूच्या सज्जात सरकायचं. पायात बूट हवेत.

बँकॉकहून रेल्वे थोनबुरी स्टेशनवरून सुटते. लोक नेमके मोठ्या स्टेशनवर जाऊन सकाळची गाडी चुकवतात. दिवसात गाड्या मोजक्याच, वेळ आदल्या दिवशी बघून घ्या. जाताना डावीकडे बसा, कांचनाबुरीच्या पुढे थाम क्रासेला गाडी कड्याला घासून नदीवरून जाते.

कांचनाबुरी स्टेशनजवळच्या दफनभूमीत 6,982 युद्धकैदी आहेत, बहुतेकांच्या नावाची पाटी आहे. 415 किमीचा हा रेल्वेमार्ग बांधताना 12,000 हून जास्त कैदी मेले. आशियाई मजूर मात्र 90,000 च्या आसपास मेले असा अंदाज आहे. त्यात मलायातल्या रबराच्या मळ्यांतून आणलेले तमिळ खूप होते. त्यांच्या नावाच्या पाट्या शोधायला गेलात तर हात हलवत परत याल. आपल्याकडून जाणाऱ्यांनी तरी हे माहीत करून जावं.

आणि हेलफायर पास, म्हणजे याच रेल्वेसाठी डोंगर कापून केलेली खिंड, सोडू नका. कांचनाबुरीपासून साधारण 80 किमी, रेल्वे तिथवर जात नाही, नाम टोकलाच संपते. म्हणूनच मुक्काम हवा. एकाने पहार धरायची, दुसऱ्याने घण घालायचा, भोक पडलं की सुरुंग. असा तो डोंगर कापला, रात्री बांबूच्या जाळाच्या उजेडात. त्या कातळात मोडून अडकलेलं पहारीचं एक टोक अजून दिसतं. खिंडीतून चालताना भिंतीकडे नीट बघा, नाहीतर चुकेल.