मालकाचे उत्तर: ती सुरमई शिळी नव्हती

नमस्कार सर,

आमच्या होमस्टेला तुम्ही दिलेला एक तारा आणि त्याखालचा मजकूर परवा रात्री वाचला. घर समुद्राला लागून, मागे घनदाट जंगल, फोटो छान. पण प्रत्यक्षात पलंगावर छप्पर गळतं, सोळा तास लाईट नाही, रात्रभर बेडूक ओरडतात, मालक समुद्रात उतरू देत नाही आणि 450 रुपयांच्या थाळीत शिळी सुरमई वाढतात, असं तुम्ही लिहिलं आहे.

गळतीबद्दल आणि लाईटबद्दल मनापासून माफी मागतो. दुसऱ्या रात्री वहिनींना गादी ओढून भिंतीशी झोपावं लागलं, असं आमच्या घरात व्हायला नको होतं. शाकारणी मे महिन्यातच करून घेतली होती, पण मागची राई गावदेवाची आहे. तिथली फांदी देवाला विचारल्याशिवाय गावात कोणी तोडत नाही आणि किंजळीच्या झाडाची एक फांदी थेट आमच्या छपरावर आली आहे. तिच्यावरून माकडं उड्या टाकतात आणि कौलं सरकतात. लाईनही त्याच राईतून येते. 20 जूनच्या संध्याकाळी झाड तारेवर पडलं आणि आमचा इन्व्हर्टर पाच तासांच्या वर चालला नाही. तुम्हाला त्रास झाला, हे मला मान्य आहे.

समुद्राचं म्हणाल तर त्याची माफी मागणार नाही. जूनमध्ये उधाणाने पुळण, म्हणजे किनाऱ्याची वाळू, कापली जाते. मे महिन्यात जिथे गुडघाभर पाणी असतं तिथे पुरुषभर होतं आणि लाट मागे जाताना पायाखालची वाळू घेऊन जाते. पर्यटकांच्या बोटी आणि पाण्यावरचे खेळसुद्धा मे अखेरीपासून ऑगस्ट अखेरीपर्यंत बंद असतात. तुमचा मुलगा कमरेभर पाण्यात पोचला होता. माझा आवाज चढला हे खरं, पण त्या लाटांत हळू बोललेलं ऐकू जात नाही.

आता सुरमई. बाकी सगळं सोसलं, पण ‘शिळी’ हा शब्द लागला सर. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै, म्हणजे 61 दिवस, यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. हा माशांच्या विणीचा काळ आणि समुद्रही खवळलेला. आमच्या वाडीतल्या होड्या मेच्या शेवटच्या आठवड्यातच वर ओढून नारळाच्या झापांनी शाकारून ठेवतात. तुम्ही पडवीतून ज्यांचे फोटो काढलेत त्या झाकलेल्या होड्या त्याच. बिगरयांत्रिक होडीला मुभा असते, पण त्या दिवसांत वल्ह्याची होडी घेऊन सुरमईच्या मागे कोण जाणार? सुरमई बाहेरच्या पाण्यातली. जून-जुलैत किनाऱ्यावर कुठेही सुरमई मिळाली, तर ती एकतर बंदीआधीची बर्फातली असते, नाहीतर दुसऱ्या राज्यातून आलेली. पूर्व किनाऱ्याची बंदी 15 एप्रिल ते 14 जून असते, त्यामुळे जूनच्या मध्यानंतर तिकडचा माल इकडे यायला लागतो.

हे सगळं तुम्ही बुकिंगसाठी फोन केलात तेव्हाच मी सांगितलं होतं. पावसात सुरमई, पापलेट नाही. वलगणीचे, म्हणजे पहिल्या पावसात ओढ्यातून वर चढणारे, मासे मिळाले तर ते, खाडीच्या कुर्ल्या म्हणजे खेकडे, सुके बांगडे, गोलमो म्हणजे सुका जवळा आणि राईच्या कडेची टाकळ्याची भाजी, असं एकेक नाव घेऊन सांगितलं. तुम्ही ‘चालेल, चालेल’ म्हणालात. आल्यावर पहिल्या दुपारी कुर्ल्यांचं सार होतं, तुम्ही दोनदा मागून घेतलंत. संध्याकाळी म्हणालात, ‘कोकणात येऊन सुरमई न खाता परत गेलो तर लोक हसतील. तुम्ही इथले, तुम्हाला नाही मिळणार तर कोणाला मिळणार?’ मी तेव्हाही म्हटलं, मिळाली तरी बर्फातली मिळेल, तिला ती चव नाही. तुम्ही म्हणालात, ‘बघा ना जमलं तर.’ वहिनी तिथेच झोपाळ्यावर बसल्या होत्या, त्यांना आठवत असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता रेनकोट चढवून मोटरसायकलने वेंगुर्ल्याच्या बाजारात गेलो. तीनच बायका बसल्या होत्या. दोघींकडे नुसतं सुकं. तिसरीकडे बर्फाच्या पेटीत चार सुरमया होत्या. मी त्यांचे कल्ले उघडून बघितले, अंगठ्याने पाठ दाबून बघितली. दोन तिथेच बाजूला ठेवल्या. उरलेल्यांतली बरी होती ती सव्वा किलोची घेतली, हजार रुपये किलोने, म्हणजे 1,250 रुपये. तुमच्या तीन थाळ्यांचे झाले 1,350. त्या शंभर रुपयांत भात, भाकरी, सोलकढी, तेल आणि माझं पेट्रोल. तुम्हाला 450 जास्त वाटले असतील, पण हा हिशोब एकदा करून बघा.

घरी आल्यावर बायकोने तुकड्यांना हळद, मीठ आणि कोकमाचं आगळ लावून ठेवलं. लाईट नव्हतीच. चुलीवर तवा ठेवून एका हातात बॅटरी धरून तिने तुकडे रव्यात घोळवून तळले. बर्फातला मासा तव्यात पाणी सोडतो, म्हणून एकेक तुकडा फडक्याने टिपून मगच तेलात टाकत होती. ताट ठेवताना मी पुन्हा सांगितलं, ‘सर, ही बर्फातली आहे.’ बर्फातली आणि शिळी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चव कमी होती हे मी तुमच्याआधी म्हणालो होतो. वास येत होता किंवा मांस सुटत होतं, असं झालं असतं तर ती आमच्या ताटातही पडली नसती, तुमच्या तर नाहीच. तुमच्या तिन्ही ताटांत मधला काटा तेवढा उरला होता. तुम्ही अर्धा तुकडा जरी बाजूला सारला असतात, तरी मी जागेवर विचारलं असतं, पैसेही घेतले नसते. दुसऱ्या दिवशी निघताना तुम्ही हसून हात मिळवलात, आणि पाच दिवसांनी हे.

बायकोला मी वाचून दाखवणार नव्हतो, मुलाने दाखवलं. ती एवढंच म्हणाली, ‘माज्या हातच्या माशाक आजपावत कोणी नाव ठेवूक नाय.’ काल तिने पाहुण्यांचा स्वयंपाक करायला नको म्हटलं. अकरा वर्षं ती करते आहे.

आमच्या दोनच खोल्या आहेत. आमचं वर्ष चालतं ते ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात महिन्याला एखादं कुटुंब आलं तरी इथे समाधान असतं, कारण खर्च थांबत नाही. गणपतीनंतर येणाऱ्या एका मंडळींनी काल फोन करून ‘मासे ताजे असतात ना?’ असं विचारलं. तोपर्यंत बंदी उठलेली असते, नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन होड्या पाण्यात लोटलेल्या असतात, तेव्हा ताजेच मिळतील. पण असं विचारायची वेळ त्यांच्यावर याआधी कधी आली नव्हती, ते चौथ्यांदा येतायत.

बेडकांबद्दल काय लिहू, कळत नाही. पुढच्या दारी समुद्र आणि मागच्या दारी राई असलेलं हे माझ्या आजोबांचं चिऱ्याचं घर आहे. इथे पहिल्या पावसानंतर बेडूक ओरडणारच आणि दिव्यावर पंख फुटलेली वाळवी येणारच. तुमच्याबरोबर आलेल्या काकूंनी मात्र पडवीत बसून बेडकांच्या आवाजात फणसाच्या आठळ्या सोलल्या आणि टाकळ्याची भाजी कशी करायची ते बायकोकडून लिहून घेतलं. त्यांना आमचा नमस्कार सांगा.

इन्व्हर्टरची बॅटरी मोठी घ्यायची आहे, या सीझनला बघतो. फांदीचा विषय गावाच्या बैठकीत काढणार आहे. जून-जुलैत काय मिळतं आणि काय नाही, हे यापुढे फोनवर न सांगता लिहूनच पाठवू.

तीन थाळ्यांचे 1,350 रुपये आज संध्याकाळपर्यंत तुमच्या नंबरवर परत पाठवतो. ते तारा वाढवण्यासाठी नाहीत, एक तारा तसाच राहू दे. गळतीचं, लाईटचं, माझ्या ओरडण्याचं सगळं राहू दे. फक्त ‘शिळी’ काढून ‘बर्फातली’ लिहा, एवढी विनंती आहे.

काकूंची निळी छत्री पडवीतल्या खुंटीवर राहिली आहे. पत्ता कळवलात तर पाठवून देतो.