निकस माती मिळेल का?

माशांची दोन फुटी टाकी घरात आली तेव्हा हिनं एकच अट घातली, "वास येता कामा नये." काच, फिल्टर, दिवा सगळ्याचा खर्च मी धरला होता. तळाशी पाणवनस्पतींसाठी घालायच्या मातीचा सोडून. माती काय, पायाखालीच असते.

माशांच्या दुकानात ॲक्वासॉइल नावाच्या, टाकीसाठीच्या तयार मातीच्या काळ्या गोळ्यांची पिशवी होती. किंमत वाचली, पिशवी हलकेच जागेवर ठेवली आणि थेट नर्सरी गाठली.

"ही घ्या साहेब. शेणखत, गांडूळखत, निंबोळी पेंड, सगळं घातलंय. काठी रोवलीत तरी फुटवा येईल!"

इथंच तर गोची. शेणखत पाण्याखाली गेलं की अमोनिया सुटतो आणि निंबोळी म्हणजे माशांना विषच. माळी ज्या गुणांवर माती खपवतो, तेच नेमके माझ्या गप्पींच्या मुळावर.

"पेंड नसलेली आहे?"

"आहे ना, नुसतं शेणखत."

"तेही नको."

"मग कोकोपीट-परलाइट?"

ते पाण्यात तरंगणार. शेवटी धीर करून विचारलं, "निकस माती मिळेल का हो?" ऐन बागायतीत एन.ए. करायला आलेल्या बिल्डरकडे बघावं तसं तो माझ्याकडे बघत राहिला.

मामांना कळलं. त्यांनी गावाहून गोणभर काळी माती धाडली. हिचं व्हिनेगर हळूच पळवून चार थेंब टाकले तर माती सोड्यासारखी फसफसली. चुनखडी! म्हणजे पाणी जड होणार, पीएच चढणार आणि चढत्या पीएचला अमोनिया आणखी जहाल. मामांना फोन केला.

"असणारच चुनखडी. आमचा ऊस येतो की त्यात. तू काय मासे लागवडीला लावणारेस?"

अखेर बांधकामावरची, खताचा वाराही न लागलेली लाल माती मिळाली. ती पिठाच्या चाळणीनं चाळली (चाळण आता माझी, नवी आणून दिली), चार दिवस बादलीत भिजवली, वर तरंगणारा काडीकचरा काढून रोज पाणी बदललं. टाकीत एक इंच माती, वर दीड इंच धुतलेली जाड वाळू. थर फार जाड झाला तर तळाला हवा पोचत नाही आणि सडक्या अंड्याच्या वासाचा वायू धरतो. हिची अट आठवून मी मुलाच्या कंपासातली पट्टी घेऊन चारही कोपरे मोजले.

ताटली ठेवून त्यावर हळूहळू पाणी सोडलं. तरी पहिले तीन दिवस टाकीत आषाढातली मुठा. मग निवळलं. हायड्रिला ही पाणवनस्पती लावली, मासे मात्र नाहीत. रोज परीक्षानळीत थेंब टाकून रंग बघायचा. हिरवा म्हणजे अमोनिया, पिवळा म्हणजे सुटलो. पाच आठवडे हिरवाच. येणारा-जाणारा विचारायचा, "मासे झोपलेत का?"

सहाव्या आठवड्यात नळी पिवळी झाली आणि त्याच दिवशी मामा आले. हायड्रिला वरपर्यंत माजली होती. मामांनी चष्मा पुसून टाकीला नाक लावलं.

"हे तर आमच्या कालव्यातलं शेवाळ रे! ते उपसायला आम्ही मजूर लावतो."